खोटा साखरपुडा कशासाठी केला, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: "मी पहिलीच कादंबरी लिहितेय. नायिका साताऱ्यात बँकेत नोकरी करते. तिचा धाकटा भाऊ 2021 च्या मे महिन्यात कोविडने गेला. तिच्याच लग्नासाठी तो पुण्याहून आला होता. पुढे ते लग्नही मोडलं. नायक हा भावाचा पुण्यातला खोलीवरचा मित्र. भावासाठी मिळवलेलं रेमडेसिव्हिरचं इंजेक्शन त्याने ऐनवेळी स्वतःच्या वडिलांना दिलं. वडील वाचले. हे तिच्या घरी कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांनी आजीच्या शेवटच्या इच्छेखातर दोघं खोटा साखरपुडा करतात आणि खरोखर प्रेमात पडतात. ज्यांनी वाचलं त्या मैत्रिणी म्हणतात, दुःखाचा भाग खरा वाटतो, साखरपुड्यापासून पुढे मालिका सुरू होते. काय चुकतंय? आणि त्याने तिला खरं कधी सांगावं?"

तुमच्या मैत्रिणींनी नेमकी जागा पकडली आहे. पहिल्या भागातलं दुःख अंगावर येतं, त्यातलं एकही वाक्य मला उसनं वाटलं नाही. मग आजी आजारी पडते आणि कादंबरीची सगळी सूत्रं तिच्या हातात जातात. ज्या दोघांच्या मनात शिरायला तुम्ही निम्मं पुस्तक खर्च केलंत, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी थाप ती दोघं तिसऱ्याच माणसासाठी मारतात. आजी बरी झाली किंवा गेली, की थापेचं कारण संपतं. मग गोष्ट पुढे रेटायला तुम्हाला पूर्वीचा ठरलेला नवरा परत आणावा लागतो, अंगठी हरवावी लागते, अर्धवट ऐकलेला फोन लागतो. मालिकेचा वास येतो तो इथून.

हस्तलिखितं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यावरून सांगते. या प्रकारच्या कथेत खोटा साखरपुडा त्या दोघांच्या अपराधीपणातूनच निघावा लागतो. घरच्यांचा आग्रह निमित्तापुरता ठीक. आजीला काढून टाका किंवा तिला ठणठणीत ठेवा आणि स्वतःला विचारा, की तरीही या दोघांना हे नाटक का हवंय?

तिच्या बाजूने पाहा. भाऊ आपल्या लग्नासाठी आला म्हणून गेला, असं तिने मनाशी ठरवून टाकलंय. त्यामुळे लग्न ही गोष्ट तिने स्वतःपुरती बंद केली आहे. पण ती आता तिशीला आली आहे, साताऱ्यासारख्या गावात राहते, कायम नोकरी आहे. तिला स्थळं येणारच. मामा फोटो पाठवणार, आत्या पत्रिका मागणार, विवाह मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा बायोडाटा फिरणार. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागतं, कारण सांगायचं तर भावाचं नाव घ्यावं लागतं, आणि त्या घरात ते नाव कुणी घेत नाही. सुपारी फुटली की ही सगळी तोंडं एकदम मिटतात. म्हणजे तिच्यासाठी साखरपुडा ही लग्न टाळण्याची युक्ती आहे.

तो का तयार होतो? या घरातला मुलगा आपल्यामुळे गेला, अशी त्याची खात्री आहे. हे ऋण पैशाने फिटणारं नाही आणि नुसतं येऊन-जाऊन राहायला त्याला काही नातं नाही. होणारा जावई झालं की त्याला कामं मिळतात. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या, आईला डोळे दाखवायला न्यायचं, गच्चीवरची गळकी टाकी बदलून घ्यायची. तो स्वतःला शिक्षा करून घेतोय आणि त्या शिक्षेनेच त्याला जरा झोप लागायला लागली आहे.

एवढं पक्कं केलंत की बाहेरून एकही अडथळा आणायची गरज उरत नाही. तिला प्रेम वाटायला लागलं, तर ज्या लग्नापायी भाऊ गेला तेच सुख तिच्या पदरात पडतंय. त्याच्यावर कुणी प्रेम करायला लागलं, तर त्याच्या शिक्षेचं बक्षीस होतंय. दोघांनाही हे सहन होणारं नाही. प्रेमकथेला याहून मोठा खलनायक लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही फार पटकन ओलांडली आहे. खोट्या साखरपुड्याची कथा तिथेच उभी राहते, जिथे साखरपुडा मोडण्याची किंमत मोजावी लागते. इंग्लंडमध्ये एके काळी लग्नाचं वचन मोडणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येत असे. तो हक्क 1970 च्या कायद्याने रद्द झाला. आपल्याकडे किंमत कोर्टात ठरत नाही, ती चारचौघांत ठरते, आणि बहुतेक वेळा मुलीच्या खात्यावर पडते. तुमच्या नायिकेचं एक लग्न आधीच मोडलंय. दुसऱ्यांदा मोडलं तर गाव काय म्हणेल, हे नाटक ठरवताना त्या दोघांनी बोललंच पाहिजे. "मोडायचं तेव्हा दोष माझ्यावर घे" असं त्याने आधीच म्हणावं. ते वाक्य त्याच्या स्वभावातलं आहे. तिने मात्र तेव्हा मान हलवू नये. दोष आपल्याच वाट्याला यावा असं तिलाही वाटत असतं.

आता तपशिलाकडे येते. 2021 चा एप्रिल-मे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचकाने अंगावर काढलाय, तिथे एक चूक झाली की तो पुस्तकावरचा विश्वास काढून घेतो. तुमच्या चौथ्या प्रकरणात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ-बहीण शालू घ्यायला दुकानात जातात. 'ब्रेक द चेन'च्या आदेशाने 5 एप्रिलच्या रात्रीपासून जीवनावश्यक सोडून बाकी दुकानं बंद होती. 22 एप्रिलपासून लग्नाला 25 माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर 50 हजार रुपये दंड. दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास सुरू झाला.

ही बंधनं तुम्हाला अडचण वाटत असतील, पण तुमच्या कादंबरीचं मर्म इथेच दडलंय. भाऊ पुण्याहून साताऱ्याला आला तो ई-पासवर. तो अर्ज बहिणीने भरला. नाव, गाडीचा नंबर, कुठून कुठे, प्रवासाचं कारण. कारणाच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने 'बहिणीचे लग्न' असं लिहिलं. क्यूआर कोडवाला पास आला, तिने तो त्याला पाठवला, आणि शिरवळच्या अलीकडे नीरेच्या पुलापाशी पोलिसांना तो दाखवून भाऊ हद्द ओलांडून घरी आला. तुमची शालूची तीन पानं काढा आणि हा पास ठेवा. दोन वर्षं तो तिच्या मोबाइलमध्ये आहे. ती फोन बदलते तेव्हाही नव्या फोनमध्ये घेते. तिच्या अपराधीपणाला आता कागद आहे, तारीख आहे.

इंजेक्शनचंही तसंच. एका इंजेक्शनने कुणी वाचत नव्हतं. रेमडेसिव्हिरचा पाच दिवसांचा कोर्स म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या सहा व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या: पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक. तुमच्या नायकाला रांगेत उभं राहून दोनच मिळाल्या असं करा. म्हणजे कुणाच्या तरी पहिल्या दिवसाची सोय. त्या हातात असताना वडिलांच्या हॉस्पिटलमधून फोन येतो आणि साताऱ्याची गाडी सुटायला अजून दोन तास आहेत. निर्णय कसा झाला ते लिहू नका. त्याने व्हायल कुठे नेल्या एवढंच लिहा.

इथे बरेच लेखक एका मोहात पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच, म्हणजे आपल्याकडे रांगा लागायच्या पाच महिने आधी, इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये असा सल्ला दिला होता. सॉलिडॅरिटी या मोठ्या चाचणीत मृत्यू टळतात असं दिसलं नव्हतं. तेव्हा कुणी डॉक्टर मित्र नायकाला हे समजावतो, नायक रडतो आणि मोकळा होतो, असं प्रकरण लिहावंसं वाटेल. कृपा करून लिहू नका. हे त्याला आधीपासून माहीत असू द्या. रात्री-अपरात्री त्याने ते सगळं वाचलेलं आहे, त्याला त्यातले आकडे पाठ आहेत. तरी काही फरक पडत नाही, कारण त्याला छळणारा प्रश्न औषधाच्या गुणाचा नाहीच. दोन माणसांपैकी त्याने एक निवडला आणि निवडताना त्याचा हात थरथरला नाही, हे त्याला छळतं.

आणि म्हणून दोघांचं अपराधीपण एकसारखं लिहू नका. सध्या ती आणि तो एकाच सुरात हळहळतात, त्यामुळे संवाद कुणाचा हे नाव झाकल्यावर कळत नाही. रॉनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये एक फरक मांडला होता, तो कथाकाराला फार उपयोगी पडतो. माणूस कधी स्वतःच्या कृतीला दोष देतो, तर कधी स्वतःच्या स्वभावालाच. कृतीला दोष देण्यात एक आधार दडलेला असतो: मी वेगळं वागले असते तर हे टळलं असतं, म्हणजे काहीतरी माझ्या हातात होतं. तुमची नायिका या बाजूची. ती सारखी 'अर्ज भरला नसता तर' करत राहील, तारखा मोजेल, याद्या करेल, घरातल्या प्रत्येकाला हेल्मेट घाल म्हणून ओरडेल. नायक दुसऱ्या बाजूचा. 'मी असाच माणूस आहे' एवढंच त्याचं म्हणणं. तो तारखा मोजणार नाही. कुणी चांगलं म्हटलं की विषय बदलेल, जेवणाचं ताट समोर आलं की आधी दुसऱ्याला वाढायला उठेल. ती बोलून दमते आणि तो कामं करून दमतो, एवढा फरक दिसला तरी निम्मं काम होईल.

नायक तुमच्या दुसऱ्या प्रकरणात तिला फोनवर 'ताई' म्हणतो. मित्राच्या मोठ्या बहिणीला आपल्याकडे ताईच म्हणतात, त्यामुळे तुम्ही सहज लिहून गेलात. पण एकदा ताई म्हटल्यावर मराठी वाचक पुढचं प्रेम मानायला तयार होत नाही. त्याला भावापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा करा, आधीपासून नोकरी करणारा, खोलीचं निम्म्याहून जास्त भाडं भरणारा. मग त्याने तिला काहीच म्हणू नये. संबोधन टाळून माणसं महिनोन्महिने बोलू शकतात, "ऐकलं का", "ते औषध आणलंय" एवढ्यावर. साखरपुडा झाल्यावरही चारचौघांत त्याला तिचं नाव घेता येत नाही. तो पहिल्यांदा नाव घेईल ती जागा तुम्ही जपून ठेवा. तिथे पाऊसबिऊस काही लागणार नाही.

पंचांग वापरा, ते तुमच्या बाजूने आहे. कादंबरीचा वर्तमान 2023 चा आहे आणि त्या वर्षी अधिक श्रावण होता. 29 जूनला आषाढी, 23 नोव्हेंबरला कार्तिकी, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. ज्येष्ठात घाईने साखरपुडा झाला की लग्न आपोआप तुळशीच्या लग्नानंतर जातं. कुणालाही खोटं बोलावं लागत नाही, मुहूर्तच नाहीत. नाटकाला पाच महिन्यांची मुदत मिळते आणि त्या पाच महिन्यांत गणपती येतात, पितृपक्ष येतो, दिवाळी येते. प्रत्येक सणाला घरात एक जागा रिकामी आहे आणि प्रत्येक सणाला होणाऱ्या जावयाला बोलवावंच लागतं. तो येतो आणि नेमका त्या रिकाम्या जागेशेजारी बसतो. पितृपक्षात तर घर दोन तुकड्यांत फाटेल. वडिलांना मुलाचं श्राद्ध करायचंय, आईला ते शब्दही ऐकायचे नाहीत. मे 2021 मध्ये माहुलीच्या संगमावर घरच्यांना लांबूनच बघावं लागलं, दहाव्याला कावळ्याची वाट बघत बसणंही नीट झालं नाही. ते अर्धं राहिलेलं सगळं या पंधरवड्यात वर येतं.

साखरपुड्याचा समारंभ तुम्ही सात पानं लिहिलाय: पैठणी, अंगठ्या, फोटो, कंदी पेढे. तो एका पानात आटपा. खरा प्रसंग आदल्या आठवड्यातल्या याद्यांच्या बैठकीत आहे आणि तुम्ही बैठकच लिहिलेली नाही. मुलीच्या लग्नात भावाची कामं ठरलेली असतात. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या भाऊ घालतो. नवऱ्यामुलाचा कान भाऊ पिळतो. हे सगळं त्या यादीत येतं. मी ढोबळमानाने असं लिहीन:

"मामांनी कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, वर 'श्री' लिहिलं. मानपान. आहेर. भटजी कोणाचे. वाजंत्री कोणाची. हॉलची अनामत निम्मी-निम्मी. मामा बोलत बोलत लिहीत होते. 'कानपिळी' लिहिलं आणि पेन तिथेच टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. आत्यांच्या लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, 'आणि कान पिळायला कोण हो?' आईने पेढ्यांचं ताट उचललं आणि आत नेलं. पेढे अजून कुणाला फिरवलेही नव्हते. 'ते नका लिहू,' नवरामुलगा म्हणाला. 'माझ्याकडून काही नको त्याचं.' मामांनी त्या शब्दावर आडवी रेघ मारली, मग पुढे ब्लाउजपीस किती ते विचारलं."

कुणीही रडलेलं नाही, हे बघा. आई ताट घेऊन आत गेली, एवढ्यात तिचं सगळं आलं. आणि नायकाचं? त्यासाठी दुसऱ्या प्रकरणात एक ओळ पेरा. खोलीवर भाऊ गमतीत म्हणायचा की ताईच्या नवऱ्याचा कान असा पिळीन की तो आठवडाभर एका कुशीवर झोपेल. बैठकीत त्या ओळीची आठवण नायकालाही करून देऊ नका आणि वाचकालाही नाही. वाचकाला ती आपोआप आठवेल.

आता प्रेम कसं वाढावं. तुम्ही दर वेळी एकाला रडवता आणि दुसऱ्याला जवळ घ्यायला लावता. तीन वेळा झाल्यावर त्यातली ताकद जाते, शिवाय ते खरंही नाही. दुःखात असलेली माणसं सारखी दुःखात नसतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 1999 मध्ये हे नीट मांडलं: शोक करणारा माणूस गेलेल्याकडे आणि रोजच्या जगण्याकडे आलटून पालटून जात राहतो, आणि हे येणं-जाणंच त्याला सावरतं. तुमच्या दोघांची गाठ या येण्या-जाण्यात पडू द्या. टाकी बसवणारा माणूस तिसऱ्यांदा चुकीचं झाकण घेऊन येतो आणि दोघांना हसू आवरत नाही. हसून झाल्यावर ती दचकते. इतक्या दिवसांत आपण असं हसलो नव्हतो, आणि हसलो तेही याच्याबरोबर. त्या रात्री ती त्याच्याशी तुटक वागते आणि त्याला कारण समजतं, कारण त्याच्याही पोटात तेच कालवलंय. हे समजणं म्हणजेच त्यांचं प्रेम. बाहेरच्या कुणालाही ते प्रेम वाटणार नाही, म्हणून ते त्यांच्यापाशी सुरक्षित वाढतं.

भाऊबीज तुम्ही दोन वाक्यांत संपवलीत, तिथे थांबा. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. दोन भाऊबिजा त्या घरात ताम्हन निघालंच नाही. या वर्षी आई काही न बोलता निरांजनात वात घालून ठेवते. द्वितीयेचा चंद्र बारीक असतो, सूर्यामागोमाग खाली उतरतो, आणि साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर असल्यामुळे तो आणखीच लवकर आड जातो. हातात अगदी थोडा वेळ आहे. तिने ठरवायला उशीर केला तर चंद्र गेलेला असेल. ती जिना चढते. आता नायकाचं काय करायचं? तुमचा हात त्याला गच्चीवर पाठवायला शिवशिवेल. त्याला खाली ठेवा. तो वडिलांच्या शेजारी बातम्या बघत बसतो आणि वडील उठायला लागतात तेव्हा "बसा काका, चहा मी ठेवतो" म्हणून त्यांना थांबवतो. वर कुणी जायचं नाही, हे त्याला कळलंय. या एका प्रसंगावर वाचक त्याला तिच्या जोडीला मान्य करेल.

तुमचा शेवटचा प्रश्न, त्याने तिला कधी सांगावं? माझं मत ठाम आहे: तिला एकटीला सांगू नये. ते ऋण तो ज्यांचं मानतो, त्यांच्यात पहिली आई आहे. तिला बाजूला ठेवून त्याने नायिकेपाशी कबुली दिली, तर तिची क्षमा ही प्रेमाची परीक्षा होऊन बसते. तिने क्षमा केली तर भावाचा सौदा केल्यासारखं होतं, नाही केली तर कादंबरी संपते. दोन्ही वाटा खोट्या. भाऊबीज ते तुळशीचं लग्न या दहाएक दिवसांत, हॉलचे उरलेले पैसे भरायची वेळ आली असताना, त्याने नायिकेला म्हणावं, "मला काकूंशी बोलायचंय. तूही बस." मग आईकडे बघून सांगावं. कोणत्या दिवशी, किती व्हायल, कुठे नेल्या. कारणं देऊ नयेत. माफी मागायचीही घाई नको.

आईने काय म्हणावं यावर तुम्ही तीन मसुदे केलेत, तिन्हींत ती मोठ्या मनाची आहे. कुठलीच आई त्या क्षणी इतकी मोठ्या मनाची नसते, आणि तिने तसं असावं ही अपेक्षा करणंही मला क्रूर वाटतं. तिने विचारावं, "तुझे बाबा आता बरे आहेत?" तो "हो" म्हणेल. मग तिने उठून जावं आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी बोलू नये. तिचा प्रश्न चांगुलपणातून आलाय की पोटातल्या आगीतून, हे तिलाही सांगता येणार नाही.

यानंतर पास बाहेर येऊ द्या. नायिकेने आईला मोबाइल दाखवावा: अर्ज मी भरला होता, कारण मी लिहिलं होतं. आणि आई म्हणेल, "माहितेय. त्याच्या आधारचा नंबर मीच सांगितला तुला, कपाटातून झेरॉक्स काढून." तिलाही अडीच वर्षं तेच वाटतंय. वडिलांनी फोनवर "पंचवीसच माणसं असली तरी तू हवासच" म्हटलं होतं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मृत्यू झालेल्या घरात प्रत्येकजण गुपचूप धरून चाललेला असतो की हे आपल्यामुळे झालं, आणि दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून तोंड उघडत नाही. तुमच्या कादंबरीला सांगायचं आहे ते हे. खोट्या साखरपुड्याचं काम एवढंच, की एका बाहेरच्या माणसाला या घरात इतकं आत आणायचं की त्याच्या बोलण्याने बाकीच्यांची तोंडं उघडतील.

सत्य बाहेर आल्यावर लगेच अक्षता टाकू नका. आधी तो साखरपुडा उघडपणे मोडा. साडी आणि अंगठी परत, मामांना फोन, अनामत बुडाली, आत्यांचं बोलणं खाल्लं. ही किंमत पानावर दिसली नाही तर नाटक फुकटात पचल्यासारखं होईल. पण ही प्रेमकथा आहे, तुम्ही वाचकाला पहिल्या पानापासून शब्द दिलाय, तेव्हा त्यांना वेगळं ठेवून उगाच गंभीर व्हायचं कारण नाही. काही महिने जाऊ द्या. टाकीचं झाकण पुन्हा उडू द्या आणि आईनेच त्याला फोन करू द्या, फक्त झाकणाबद्दल. मग त्याने नायिकेला विचारावं, नाव घेऊन. ती जपून ठेवलेली जागा हीच.

लग्न नोंदणी पद्धतीने करा असं मी सुचवेन. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार. याद्या नाहीत, लाजाहोम नाही, कान पिळायची रिकामी जागा नाही, त्यामुळे कुणाला ती भरून काढल्याचं सोंग करावं लागत नाही. साक्षीदार तिचे आईवडील आणि त्याचे वडील. त्याच्या वडिलांना त्या दोन व्हायल कोणासाठी आणल्या होत्या हे तोवर कळलेलं असावं. त्यांनी सही करण्याआधी तिच्या आईकडे बघावं की नाही, हे लिहिता लिहिता तुमचं तुम्हालाच समजेल.

सगळं एकदम बदलायला घेऊ नका. आधी याद्यांच्या बैठकीचं प्रकरण लिहा, आजीशिवाय. ते जमलं की मागे जाऊन ई-पासचं आणि व्हायलचं प्रकरण दुरुस्त करा, मग भाऊबीज. समारंभाची सात पानं सर्वांत शेवटी कापा, तोवर त्यातली कुठली वाक्यं ठेवायची हे नीट कळेल. नवी बैठक लिहून झाली की तेवढीच पाठवा, मी वाचून कळवते.